घर चौघांचे, सह्या दोघांच्या

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त पतिपत्नी. पिंपरीचा फ्लॅट विकून पुण्यात कसबा पेठेत, शनिवारवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर, सागवानी खांबांचे, मधे चौक असलेले जुने दुमजली घर घ्यायचे ठरवले. विक्रेते दोघे सख्खे भाऊ आहेत. नोंदणीकृत साठेखत झाले, ४० टक्के रक्कम दिली, ताबा मिळाला आणि आम्ही राहायलाही आलो. खरेदीखताची मुदत संपायला तीन महिने आहेत. मागच्या आठवड्यात विक्रेत्यांच्या कोल्हापूरच्या बहिणीची वकिलामार्फत नोटीस आली असून घरात आपला चौथा हिस्सा आहे आणि विक्रीला आपली संमती नाही, असे त्यात म्हटले आहे. दुसरी बहीण हयात नाही; तिचे पती, मुलगी आणि दुबईत असलेला मुलगा आहे. विक्रेते १९९९ सालचा शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा, बहिणींच्या सह्यांचा कागद दाखवतात. मिळकत पत्रिकेवर नावे भावांचीच आहेत. तळमजल्याच्या दोन खोल्यांत एक वृद्ध भाडेकरू बाई आणि त्यांची अविवाहित मुलगी राहतात. छप्पर गळते आहे. घर सुरक्षित आहे का, खोल्या मोकळ्या होतील का आणि पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करता येईल का?

उत्तर : आपण पाठवलेली साठेखताची प्रत, मिळकत पत्रिकेचा उतारा आणि १९९९ च्या कागदाची छायाप्रत मी वाचली. आपण त्या घरात रमला आहात हे पत्रातून जाणवते, आणि म्हणूनच पहिली गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. हे घर अजून आपले झालेले नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ठरलेल्या अटींवर विक्री होईल एवढाच तो करार असतो. ताबा मिळाल्यामुळे कलम ५३-अ चे, म्हणजे हा ताबा विक्रेत्यांनी काढून घेऊ नये याचे, संरक्षण आपल्याला आहे, साठेखत नोंदणीकृत असल्याने ते मागताही येईल, आणि ताब्यासह साठेखतावर लागणारे पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले दिसते, हीही जमेची बाजू आहे. मात्र हे संरक्षण ज्यांनी करार लिहून दिला त्यांच्याविरुद्ध आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांविरुद्ध मिळते. बहिणी भावांमार्फत हक्क सांगत नाहीत. त्यांचा हक्क वडिलांकडून आलेला आहे.

तो हक्क किती, हे पाहू. वडील १९९८ साली आणि आई २०११ साली वारली, आणि दोघांचेही मृत्युपत्र नाही, असे आपण कळवले आहे. घर वडिलांचे स्वतंत्र असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली यांना ते सारखे मिळाले, आणि आईचा वाटा पुढे चार मुलांत विभागला गेला. घर वडिलोपार्जित असेल, तर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असती तर गोष्ट निराळी होती, पण तसे काही आपल्या कागदांत नाही. म्हणजे कोणत्याही बाजूने हिशेब केला, तरी प्रत्येक भावंडाला चौथा हिस्साच येतो. वारलेल्या बहिणीचा हिस्सा तिचे पती, मुलगा आणि मुलगी यांच्याकडे गेला. ज्यांनी आपल्याला घर लिहून द्यायचे आहे, त्यांच्याकडे मिळून घराचा निम्मा हिस्सा आहे.

आता तो स्टॅम्पपेपर. त्यातले वाक्य असे आहे : ‘आम्हांस आमच्या लग्नात सर्व काही मिळाले असून या लेखाने आम्ही सदर मिळकतीतील आमचा हक्क, हिस्सा व हितसंबंध सोडून देत आहोत.’ खाली दोघी बहिणींच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतला हक्क ज्या लेखाने संपुष्टात येतो, त्याची नोंदणी ही नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ नुसार सक्तीची आहे, आणि नोंदणी नसेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ४९ नुसार त्या लेखाचा मिळकतीवर परिणाम होत नाही. नोटरीचा शिक्का दुय्यम निबंधकाच्या नोंदणीची जागा घेत नाही. विक्रेत्यांचे वकील कदाचित म्हणतील की ही कौटुंबिक व्यवस्था होती, आणि तोंडी झालेल्या व्यवस्थेची नुसती नोंद करून ठेवणाऱ्या लेखाला नोंदणी लागत नाही. हे तत्त्व खरे आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले आहे. पण त्यासाठी कागदावर ‘पूर्वी अमुक ठरले, त्याची ही नोंद’ असे असावे लागते. इथे ‘या लेखाने सोडून देत आहोत’ असे लिहिले आहे. हक्क सोडण्याचे काम कागद स्वतःच करतो, म्हणून त्याला नोंदणी हवीच होती. मिळकत पत्रिकेवरच्या नोंदीचेही तसेच आहे. त्या कागदाच्या आधारे नगर भूमापन कार्यालयाने फक्त भावांची नावे लावली असली, तरी फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

‘पंचवीस वर्षे बहिणींनी काही मागितले नाही, आता हक्क कसला,’ हे विक्रेत्यांचे म्हणणेही टिकणारे नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांचा ताबा असतो. भावांनी बहिणींचा हक्क उघडपणे, त्यांना कळेल अशा रीतीने नाकारला असेल, तरच बारा वर्षांची मुदत सुरू होते. दर गणपतीत ज्या बहिणीला या घरी बोलावले जात होते (हे आपणच लिहिले आहे), तिला हक्कातून बेदखल केले होते असे कोणते न्यायालय मानेल?

या स्थितीत आपण दोन भावांकडूनच खरेदीखत करून घेतले तर काय होईल, हे नीट समजून घ्या. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला त्या घरात इतरांसोबत सामायिक ताबा मागण्याचा अधिकार मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ देत नाही. आपण वाटपाचा दावा लावलात, तर विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ खाली बहीण आपण विकत घेतलेलाच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला स्वतःसाठी मागू शकते. शिवाय भाऊ आपला वाटा विकत असतील, तर तो आधी स्वतः विकत घेण्याचा प्राधान्यहक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ ने तिला दिलेला आहे. संपूर्ण रक्कम देऊनही आपण त्याच घरात वादी किंवा प्रतिवादी म्हणून राहाल.

म्हणून आज आपल्या हातात जी ६० टक्के रक्कम आहे, तीच आपली खरी ताकद आहे. ती विक्रेत्यांना एकरकमी देऊ नका. भाऊ ‘आधी खरेदीखत उरका, बहिणीचे आम्ही घरात मिटवू’ असे म्हणत असतील, तर त्याला नम्रपणे पण ठाम नकार द्या. विक्रेत्याने हक्कातला दोष लपवणे कायद्याला मान्य नाही, आणि आपण आगाऊ दिलेल्या रकमेपुरता मिळकतीतल्या विक्रेत्यांच्या हिश्श्यावर आपला बोजा आहे, हेही लक्षात असू द्या. जाहीर नोटीस देऊ नका, नात्यात बभ्रा होईल, असे विक्रेत्यांनी सांगितले तेव्हाच शंका घ्यायला हवी होती. ती नोटीस आता तरी दोन मराठी वृत्तपत्रांत द्या, कारण आणखी कोणाचा दावा असेल तर तोही आत्ताच बाहेर आलेला बरा. सोबत किमान तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, घ्या.

माझ्या मते मार्ग एकच आहे, आणि तो वाटतो तितका कठीण नाही. कोल्हापूरची बहीण आणि वारलेल्या बहिणीचे तिन्ही वारस यांना खरेदीखतात ‘मान्यता देणार’ म्हणून नव्हे, तर ‘लिहून देणार’, म्हणजे विक्रेते, म्हणूनच सामील करून घ्या. त्यांच्या हिश्श्याची रक्कम धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) किंवा बँकेतून थेट त्यांच्या नावे द्या आणि प्रत्येकाला दिलेली रक्कम खरेदीखतात स्वतंत्र लिहा. आधी भावांच्या लाभात हक्कसोडपत्र करून घ्यावे, असे काही जण सुचवतील, आणि ते नोंदणीकृत असेल तर कायद्याने चालतेही. पण वयस्कर बहिणीने विनामोबदला करून दिलेला असा लेख पुढे दबावाने किंवा फसवणुकीने घेतल्याचा आक्षेप सहज येतो. तिचा पैसा तिच्या हातात पडला की तो प्रश्न उरत नाही. नोटिशीत तिने घर परत मागितलेले नाही, ‘आमचा हिस्सा डावलून’ असे शब्द वापरले आहेत. मला यात तडजोडीची दारे उघडी दिसतात. दुबईतल्या मुलाला स्वतः यावे लागणार नाही. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र त्याने पाठवले, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरले, तर ते खरेदीखतासाठी वापरता येईल.

तीन महिन्यांत हे सर्व जुळेलच असे नाही. त्यामुळे साठेखताची मुदत वाढवणारा पुरवणी लेख नोंदवून घ्या. विक्रेते तो देत नसतील, तर मुदत संपण्यापूर्वी त्यांना वकिलामार्फत कळवा की आपण उर्वरित रक्कम देण्यास तयार व इच्छुक आहात आणि अडथळा त्यांच्या हक्कातल्या दोषाचा आहे. करारपूर्तीचा दावा करावा लागला तर हे पत्र फार उपयोगी पडते. त्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे.

भाडेकरू बाईंबद्दल विक्रेत्यांनी आपल्याला जे सल्ले दिले, ते वाचून मला वाईट वाटले. ‘आठ वर्षांचे भाडे थकले आहे, सहज निघतील’ हा पहिला सल्ला. भाडे थकले, कारण घरमालकांनी ते घेणे बंद केले. बाईंकडे परत आलेल्या मनीऑर्डरींचे कागद जपून ठेवलेले आहेत, असे आपण स्वतः पाहिले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ खाली भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला काढता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत तिने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरली, आणि पुढेही नियमित भरत राहिली, तर हुकूमनामा होत नाही. ‘बाईंचे वय झाले आहे, थोडे थांबा’ हा दुसरा सल्ला तर बोलण्याजोगाही नाही, आणि कायद्यानेही चुकीचा आहे, कारण भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीकडे भाडेकरूपण जाऊ शकते. चौकातला सामायिक नळ बंद करण्याचा विचारही मनात आणू नका. अत्यावश्यक सेवा तोडणाऱ्या घरमालकाला कलम २९ खाली शिक्षा होऊ शकते. धोकादायक इमारतीची नोटीस आणून घर पाडले तरी भाडेकरूपण संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका इमारतीबाबतचा आहे.

आपल्याला त्या खोल्या खरोखर स्वतःसाठी हव्या असतील, तर खरेदीखतानंतर, मालक म्हणून, कलम १६(१)(ग) खाली वास्तविक गरजेचा दावा पुण्याच्या लघुवाद न्यायालयात लावता येईल. तिथे न्यायालय गैरसोय कोणाची अधिक, हे पाहते. एका बाजूला वरचा संपूर्ण मजला वापरणारे पतिपत्नी आणि दुसऱ्या बाजूला दुसरे छप्पर नसलेल्या मायलेकी, अशा दाव्यात यश मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. त्यापेक्षा खरेदी झाल्यावर त्यांना मालकी बदलल्याची लेखी सूचना द्या, दरमहा भाडे घेऊन पावती द्या आणि कायद्याप्रमाणे दरवर्षी ४ टक्के वाढ लावा. पुढे कधी त्यांनीच मोबदला घेऊन खोल्या सोडायचे ठरवले, तर आई आणि मुलगी दोघींच्या सह्यांचा नोंदणीकृत लेख करा. घराची किंमत ठरवताना मात्र हे दोन खोल्यांचे वास्तव विक्रेत्यांपुढे मांडा. भाडेकरूसह घराची किंमत मोकळ्या घराइतकी नसते.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट विक्रेत्यांनी सांगितलेली दिसत नाही. शनिवारवाडा हे केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. आपले घर यातल्या कोणत्या पट्ट्यात आहे, हे मोजून घ्या. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज मालकाने करायचा असतो. नियंत्रित क्षेत्रातही दुरुस्तीसाठी परवानगी लागतेच. विनापरवाना कामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आपण अजून मालक नसल्यामुळे हा अर्ज भावंडांच्या सह्यांनी करावा लागेल. तोवर फुटलेली कौले शाकारून घ्या, गळतीवर प्लॅस्टिकचे आच्छादन टाका, मात्र तुळई, खांब किंवा भिंत यांना हात लावू नका. घर तीस वर्षांहून जुने असल्यामुळे महापालिकेच्या यादीवरील संरचना अभियंत्याकडून स्थैर्य तपासणी करून घेणे तसेही बंधनकारक आहे. ती आत्ताच करा, तिचा अहवाल परवानगीच्या अर्जालाही जोडता येईल.

बहिणीच्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी पंधरा दिवस दिले आहेत, त्यातले बरेच सरले असतील. उत्तरात तिचा हक्क नाकारू नका आणि तो मान्य असल्याची भाषाही सध्या वापरू नका. साठेखत आपण सद्भावनेने केले, विक्रेत्यांकडे खुलासा मागितला आहे, उर्वरित रक्कम अद्याप दिलेली नाही, आणि सर्व हिस्सेदारांना सोबत घेऊन व्यवहार पूर्ण करण्याची आपली तयारी आहे, एवढेच लिहा. त्याच दिवशी पुण्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. ते नव्वद दिवस चालते, आणि तेवढ्या काळात तिने मनाईचा अर्ज केला तर आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही. मुदत संपल्यावर गरज असेल तर ते पुन्हा दाखल करा.