रोज लॉगिन करायला सिक्युरिटी की (ओळख पटवणारी, पेनड्राइव्हसारखी छोटी चावी) वापरणं कटकटीचं होतं का?

नाही, ओटीपीपेक्षा सोपंच पडतं: पासवर्ड टाकायचा, यूएसबीत खोचलेल्या कीला बोट लावायचं, झालं. मेसेजची वाट पाहणं नाही, मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही. फोन आणि की दोन्हींत एनएफसी (जवळ टेकवून जोडण्याची सोय) असेल, तर ती फोनच्या मागे नुसती टेकवायची. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ती साइटचा पत्ता स्वतः तपासते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर आपली नजर फसली तरी ती फसत नाही. गूगलने २०१७ मध्ये ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना ती सक्तीची केली. त्यानंतर फिशिंगमुळे, म्हणजे अशा बनावट पानांच्या फसवणुकीमुळे, एकाचंही कामाचं खातं गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. मात्र सुरुवातीलाच दोन की नोंदवा आणि एक घरी कपाटात ठेवा. एकच असली आणि हरवली, तर खातं परत मिळवताना नाकी नऊ येतात.