प्रश्न विचारलास, आता निकाल सांगायला परत जा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

लिंक्डइनवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ घालवून आपल्या कामात खरंच काही शिकता येतं का, असं तू विचारलंस. टेस्टिंगमधले ज्येष्ठ याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात, हेही लिहिलंस. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कामात नव्यानं आलेल्या मुलीला या माध्यमाचा मोठा उपयोग आहे, आणि त्याचं कारण आपल्या कामाच्या स्वरूपातच आहे.

कारखान्यात तू ट्रान्सफॉर्मर बघतेस तो नवाकोरा. रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स, लॉसेस, इम्पल्स, या सगळ्या चाचण्या पास झाल्या की तो ट्रेलरवर चढतो आणि फाटकाबाहेर जातो. पुढची पंचवीस-तीस वर्षं उन्हात, धुळीत, ओव्हरलोडमध्ये त्याचं काय झालं, हे तुला कुणी येऊन सांगत नाही. ते ठाऊक असतं सबस्टेशन सांभाळणाऱ्यांना, दुरुस्तीवाल्यांना, तेलाच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्यांना. वडोदरा या धंद्याचं गाव आहे खरं. कारखाने आहेत, सुटे भाग पुरवणारे आहेत, १९७४ साली स्थापन झालेली एर्डा ही चाचणीसंस्था मकरपुऱ्यातच आहे. तरीही बिघाड उघडून पाहिलेली माणसं देशभर विखुरलेली आहेत. आमच्या वेळी अशा माणसाला गाठायचं तर एखादी परिषद भरेपर्यंत थांबावं लागे, नाहीतर पत्र टाकून वाट बघावी लागे. तुला ती आज संध्याकाळी भेटू शकतात.

ओळखीचं म्हणशील, तर त्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ती बातमी अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. रोज भेटणाऱ्याकडून कळलेले थोडेच होते. कारण सरळ आहे: रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. २०२२ साली 'सायन्स'मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, तेव्हा हे पुन्हा पडताळलं गेलं. मात्र त्यात एक गोष्ट निघाली जी तुझ्या ज्येष्ठांच्या बाजूची आहे. ज्या उद्योगांत डिजिटल कामाचा वाटा कमी, तिथे घट्ट ओळखीच जास्त कामी आल्या. आपला उद्योग तांबं, पत्रा आणि तेलाचा. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सोडून स्क्रीनवरच्या माणसामागे धावू नकोस. दोन्ही लागतील.

आता तुझ्या परवाच्या पोस्टबद्दल, कारण खरं शिकण्यासारखं तिथेच आहे. तू लिहिलं होतंस, 'ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ॲसिटिलीन वायू सापडला, काय करावं?' उत्तरं भराभर आली. एकानं लिहिलं, ताबडतोब बंद करा. दुसऱ्यानं लिहिलं, तेल फिल्टर करून घ्या. तिसऱ्यानं आपल्या कंपनीचं मशीन विकायला काढलं. तू गोंधळलीस आणि चर्चा तशीच सोडून दिलीस. दोष उत्तर देणाऱ्यांचा नव्हता. तुझ्या प्रश्नात त्यांना पकडायला काही नव्हतं.

ॲसिटिलीन म्हटलं की आर्किंग, म्हणजे आत कुठेतरी ठिणगी पडतेय, हे कॉलेजात शिकवतात. पण त्या ट्रान्सफॉर्मरला ऑन-लोड टॅप चेंजर, म्हणजे चालू लोडवर व्होल्टेज कमी-जास्त करणारी यंत्रणा, आहे का? असेल आणि तो व्हॅक्यूम प्रकारचा नसेल, तर टॅप बदलताना त्याच्या डायव्हर्टर स्विचमध्ये ठिणगी पडतेच आणि त्या कप्प्यातल्या तेलात ॲसिटिलीन तयार होतंच. ते तेल मधल्या पडद्यातून झिरपलं किंवा दोघांचा कॉन्झर्वेटर, म्हणजे वरची तेलाची छोटी टाकी, सामाईक असला, तर मुख्य टाकीत कुठेही बिघाड नसताना ॲसिटिलीन दिसतं. यासाठी आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय मानकात एक खूण दिली आहे: मुख्य टाकीतलं ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून जास्त असेल, तर टॅप चेंजरकडून गळती आहे का ते बघावं. म्हणजे ज्यानं 'बंद करा' म्हटलं तो एका ट्रान्सफॉर्मरबाबत बरोबर आहे आणि दुसऱ्याबाबत साफ चूक. आणि फिल्टरचा सल्ला तर घाईत मुळीच ऐकू नये. फिल्टर करताना तेल डीगॅस झालं की त्यात विरघळलेले वायू निघून जातात, त्यांच्याबरोबर पुरावाही जातो, आणि पुढचा महिनाभर वाढ होतेय की नाही ते कळायला मार्ग राहत नाही.

तोच प्रश्न असा विचारून बघ: '६६/११ केव्ही, २० एमव्हीए, ऑन-लोड टॅप चेंजर, कॉन्झर्वेटर सामाईक की वेगळा ते तपासतोय. मागच्या वर्षी ॲसिटिलीन नव्हतं, या नमुन्यात आहे. हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड यांचे दोन्ही वेळचे आकडे खाली देते. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, खालच्या व्हॉल्व्हमधून घेतला. मधल्या काळात तेल फिल्टर केलेलं नाही. ड्युव्हाल त्रिकोणात (वायूंच्या प्रमाणावरून बिघाडाचा प्रकार दाखवणाऱ्या आलेखात) बिंदू कुठे पडतो ते काढलं आहे. टॅप चेंजरची गळती असेल असा माझा कयास आहे. तो चुकीचा ठरवण्यासाठी आणखी काय तपासावं?' एवढं लिहायला तुला अर्धा तास लागेल, आणि लिहिता लिहिता निम्मं उत्तर तुलाच सापडेल. शेवटचं वाक्य जरूर ठेव. आपला कयास सांगून तो तपासायला दिला की जाणकार माणूस थांबतो. 'काय करावं?' असं मोघम विचारलं की तो पुढे जातो.

आणि मग परत ये. हे मी तुला अगदी कळकळीनं सांगते, कारण हे करणारी माणसं फार कमी दिसतात. टॅप चेंजरच्या कप्प्यातलं तेल तपासलं, पातळ्या बघितल्या, दुसरा नमुना आला, की त्याच चर्चेखाली लिही: काय निघालं, कुणाचा अंदाज बरोबर ठरला, काय अजून कळलेलं नाही. कयास चुकला असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिही. दोन वर्षांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन तिथे येईल. त्याला पंधरा मतं मिळण्यापेक्षा एक निकाल मिळाला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर वाचेल. तुला मदत केलेल्या माणसालाही आपण सांगितलेलं पुढे काय झालं हे कळायला हवं असतं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला तर सगळ्यात जास्त. लोक तुला लक्षात ठेवतील ते यामुळे. सर्टिफिकेटांचे फोटो आणि अभिनंदनाच्या ओळी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आता एक गोष्ट जिथे मी जराही ढिलाई करणार नाही. ट्रान्सफॉर्मर ग्राहकाचा असतो आणि टेस्ट रिपोर्टही त्याचाच. आकडे बाहेर टाकण्याआधी साहेबांना विचार, तोंडी नको, लेखी. फोटो असेल तर नेमप्लेट, सिरियल नंबर, सबस्टेशनची पाटी झाक. नुसतं पुढचं बघू नकोस, मागे फळ्यावर डिस्पॅचचं वेळापत्रक लिहिलेलं असतं, शेजारी दुसऱ्या ग्राहकाची टाकी उभी असते. मार्चअखेरच्या घाईत तर शॉप फ्लोअरवर कुठेही कॅमेरा वळवला तरी चार ऑर्डरी दिसतात. परवानगी नाही मिळाली तर प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात विचार, नाहीतर विचारूच नकोस.

मिळालेलं उत्तर मूळ मानकाशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नये. ग्रुपवर कुणी ठणकावून सांगतं, बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज झेलतं तो आकडा) इतकी आली की तेल चांगलं. पण तेल नवं की वापरातलं? भारतीय मानकांत नव्यासाठी आयएस ३३५, वापरातल्यासाठी आयएस १८६६, आणि वापरातल्या तेलाची मर्यादा ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते. चाचणीत इलेक्ट्रोडमधलं अंतर २.५ मिलिमीटर ठेवलं होतं का, हेही विचारावं लागतं. मानकांच्या चोरट्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, त्या घेऊ नकोस. त्यांतल्या कितीतरी जुन्या, रद्द झालेल्या आवृत्त्या असतात. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर बरीच भारतीय मानकं मोफत मिळतात. पाया कच्चा वाटला तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. सिग्रे या वीजक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ए-२ या ट्रान्सफॉर्मरच्या अभ्यासगटाचं काम बघत राहा. एवढ्यावर तुझी वर्षभराची संध्याकाळ भरेल.

अनोळखी ज्येष्ठाला निरोप पाठवताना 'सर, मार्गदर्शन करा' एवढंच लिहू नकोस. 'टॅप चेंजरच्या गळतीवर आपण लिहिलेलं वाचलं. पडदा बदलल्यानंतर मुख्य टाकीतलं तेल डीगॅस केलं होतं का, एवढं कळलं तर उपकार होतील.' असं लिही. त्यांचं वाचल्याचं दिसतं, प्रश्न एकच आहे, आणि उत्तर दोन ओळींत देता येतं. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी, मग सोडून द्यावं. पहिल्याच निरोपात बायोडेटा तर जोडूच नये.

एक मनापासूनची इच्छा सांगते. इंग्रजीत लिहितेस ते चालू दे, त्यावाचून बाहेरची माणसं जोडली जाणार नाहीत. पण महिन्यातून एखादा छोटा व्हिडिओ मराठीत किंवा गुजरातीत कर. आपल्याकडचा वाइंडर, फिटर, तेलाचा नमुना घ्यायला साईटवर जाणारा पोरगा इंग्रजी पोस्ट वाचत नाही, आणि डीजीएचा, म्हणजे तेलातल्या वायूंच्या तपासणीचा, निकाल बिघडतो तो अनेकदा त्याच्या हातून. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू नये, आधी थोडं तेल सोडून द्यावं, सिरिंज उन्हात ठेवू नये, हे दोन मिनिटांत दाखवता येतं. सयाजीरावांच्या काळात, १८९० साली, आपल्या वडोदऱ्यात कलाभवन उघडलं ते कारागिरीचं शिक्षण देण्यासाठीच. त्याच कलाभवनात आज विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, जिथून तू शिकून निघालीस.

नोकरी बदलण्याबद्दल थोडक्यात. 'काम शोधत आहे' ही खूण लावायची असेल तर ती फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी सोय लिंक्डइनवर आहे, पण आपल्याच कंपनीला ती दिसणार नाही याची पूर्ण हमी तेही देत नाहीत, हे लक्षात ठेवून लाव. नोंदणीचे, मुलाखतीचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे म्हणून कुणी पैसे मागितले तर बोलणं तिथेच थांबव.

ॲसिटिलीनच्या चर्चेखाली काय लिहायचं त्याचा मजकूर तयार कर आणि साहेबांची परवानगी आली की आधी मला पाठव. दोन्ही नमुन्यांचे आकडे शेजारी शेजारी मांड, तारखांसकट. रविवारी दुपारी दांडिया बाजारला घरी आलीस तर बसून बघू.

तुझी,
मावशी