सोलरच्या आधी विहिरीतला फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) बघा

नमस्कार मंडळी, या पंधरवड्यात फोनवर न बांधावर मिळून जेवढे प्रश्न आले त्यातले निम्मे सोलरचेच होते, म्हणून आज रोगकीड बाजूला ठेवतो आणि पाणी उपसायच्या लाईटवरच लिहितो.

पहिला प्रश्न असा. विहिरीवर ५ एचपीची मोटर, कनेक्शन जुनं, बिल सध्या येत नाही, तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप'चा फॉर्म भरू का? दादा, ती योजना ज्यांच्याकडं शेतीपंपाचं कनेक्शनच नाही त्यांच्यासाठी आहे. त्यांना १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्यावर साडेसात. तुमचा फॉर्म तिथंच अडकणार. तुमच्याकडं सोलर येईल ते सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे प्लांट सबस्टेशनजवळ आणि लाईट तुमच्या जुन्याच तारेतून, फक्त दिवसा. रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जायचं न मागं बिबट्या आहे का बघत राहायचं, हे ज्यानं केलंय त्याला दिवसाच्या लाईटची किंमत मी सांगायला नको. बिलमाफी साडेसात एचपीपर्यंत आहे पण ती एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी मुदतीची आहे, हे तेवढं लक्षात असू द्या.

आणि बिल नाही म्हणून वीज कितीही खाल्ली तर चालतं असं नाही, कारण डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, एकच आहे. लाईट आली की ऑटोस्विचवर सगळ्या गावच्या मोटरा एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, मग फ्यूज उडतो नाहीतर डीपीच जळतो आणि आठवडाभर सगळेच कोरडे. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, मी दरवर्षी सांगतो न दरवर्षी लोक हसतात.

परवा एका भावाकडं गेलो, म्हणे पाणी कमी पडतंय, साडेसातची मोटर टाकतो. म्हटलं आधी पाईप वर ओढा. फुटबॉलच्या, म्हणजे पाईपच्या तळाशी असलेल्या झडपेच्या, जाळीत शेवाळ आणि खताच्या पिशवीचा तुकडा, वर दोन इंची पाईप, काठावर काटकोनातले चार एल्बो, आणि पाणी पडायचं तोंड जमिनीपासून पुरुषभर उंच. धबधबा दिसायला झकास, पण ती उंची मोटरच उचलते ना! तेवढंच पाणी दोन इंचीतून न्यायला तीन इंचीच्या सात-आठ पट घर्षण होतं, म्हणजे पाईपमध्ये वाचवलेले पैसे मोटर रोज खाते. त्याला मोठ्या तोंडाचा फुटबॉल, तीन इंची पाईप, एल्बोच्या जागी लांब बेंड न तोंड खाली एवढंच सांगितलं. फरक बघायचा तर २०० लिटरचा बॅरल किती सेकंदात भरतो ते मोबाईलवर आधी न नंतर मोजा, मग साडेसातचं ठरवा. दोन-तीनदा रिवायंडिंग झालेली मोटर असेल तर मात्र बदलाच, आणि घेताना वीजबचतीचे स्टार बघून घ्या.

दुसरा प्रश्न बोअरवाल्यांचा. सोलर बसवलाय, सकाळी मोटर फिरते, आवाज येतो पण दहा वाजेपर्यंत थेंब नाही, शेजाऱ्याच्या विहिरीवर मात्र आठलाच पाणी. पंप खराब नाही भाऊ. ऊन कमी असलं की मोटर हळू फिरते, आणि गती अर्धी झाली की पंपाची पाणी उचलायची ताकद पाव होते, त्यामुळं उथळ विहिरीत थोडं तरी येतं, खोल बोअरमध्ये पाणी वरपर्यंत पोचतच नाही. म्हणून फॉर्म भरताना बोअरची खोली अंदाजे टाकू नका, उन्हाळ्यातली पातळी दोरी सोडून मोजा न त्या हेडचाच, म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी उचलणाराच, पंप मागा. ठिबकवाल्यांनी सकाळी न चारनंतर लहान प्लॉट लावावा, मोठा दुपारी. जमलं तर पाणी उंचावरच्या शेततळ्यात साठवायचं न तिथून सोडायचं, दाब एकसारखा मिळतो.

प्लेटा धुवा पण पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात म्हणून फडक्यानं पुसून घ्या. शेवग्याची एक फांदी चारला सावली टाकत असेल तर छाटा, प्लेटा एकामागं एक जोडलेल्या असतात, एकीवर सावली पडली की सगळी ओळ मंदावते. बिघाड झाला तर पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादारानंच करायची आहे, गावातल्या वायरमनला कंट्रोलर उघडू देऊ नका.

तिसरा प्रश्न, सबस्टेशनजवळची जमीन वाहिनीला भाड्यानं द्यावी का? दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार, न दरवर्षी ३ टक्के वाढ. मुरमाड पडीक असेल तर मी तरी देईन. काळी बागायती असेल तर नको, करार लांब पल्ल्याचा असतो, सही करायच्या आधी सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना, बहिणींना पण, एकत्र बसवून वाचून घ्या.