वॉकीटॉकीच्या डब्यावर '१० किमी रेंज' लिहिलंय, प्रत्यक्षात इंदूरमध्ये किती लांब बोलता येतं?

शहरात एक किमी, कधी दीड, जुन्या दाट वस्तीत त्याहून कमी. मोकळ्या शेतात तीन ते पाच. आणि डोंगरमाथ्यावरून चाळीस-पन्नास सुद्धा. ही तिन्ही उत्तरं एकाच सेटची आहेत, त्यामुळे डब्यावरचा आकडा बघून सेट घेऊ नका ही पहिली विनंती. तुम्ही विचारलंय की गणपती मंडळाच्या मिरवणुकीत राजवाड्याच्या आसपास चालेल का आणि पावसाळ्यात चोरलच्या घाटातून, पातालपाणीच्या धबधब्याला जाताना दोन गाड्यांमध्ये चालेल का. मी इंदूरचाच, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, दोन्हीकडे सेट वापरलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे १० किमी कुठून येतात ते बघा. या सेटच्या लहरी जवळपास सरळ जातात, जमिनीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. हिशोब सोपा आहे, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, आलेले किमी म्हणजे त्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज, जमिनीची गोलाई आड येण्याआधी लहर जिथवर पोचते ते अंतर. माणूस उभा राहून तोंडाजवळ सेट धरतो तेव्हा अँटेना दीड मीटरवर असते, म्हणजे ५ किमी, समोरच्याचे ५, झाले १०. पण हे समुद्रावर किंवा एकदम सपाट मैदानात, मध्ये झाड नाही घर नाही काही नाही अशा ठिकाणी. इंदूरमध्ये तुमच्या आणि समोरच्याच्या मध्ये तीन-चार मजल्यांच्या इमारतींच्या रांगा असतात, प्रत्येक भिंत थोडा सिग्नल खाते, लोखंड असेल तर जास्तच.

हाच हिशोब उंचीवर करून बघा म्हणजे खरी गंमत कळेल. १० मीटर उंच गच्चीवर गेलात की क्षितिज १३ किमी. जानापावचा माथा आजूबाजूच्या पठारापेक्षा साधारण ३०० मीटर उंच आहे, तिथून ७० किमी येतं! आणि हे नुसतं कागदावर नाहीये, जानापाव ते रालामंडल सरळ रेषेत पंचवीस-तीस किमी असेल, दोन्ही टेकड्या एकमेकींना दिसतात तर हातातल्या ५ वॅटच्या सेटवर शेजारी बसून बोलल्यासारखं बोलता येतं. त्याहून पुढचं सांगतो, अंतराळ स्थानक जमिनीपासून ४०० किमीवर फिरतं, तिथले अंतराळवीर कधी कधी शाळांशी हॅम रेडिओवर बोलतात, आणि स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा त्यांचा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर साध्या हातातल्या सेटवर ऐकू येतो, कारण मध्ये काहीच नाही. आणि तोच सेट घेऊन सराफ्याच्या गल्लीत उभे राहा, दोन चौक पलीकडचा माणूस तुटक ऐकू येईल. म्हणून 'किती किमी' हे विचारण्याआधी 'मध्ये काय आहे' हे विचारा.

आता पॉवर. दुकानदार सांगतो की ५ वॅटचा घ्या, अर्ध्या वॅटवाल्याच्या दहापट आहे. पॉवर दहापट आहे, अंतर दहापट नाही. मोकळ्या आकाशात दहापट पॉवरला अंतर तिपटीच्या थोडं वर जातं, आणि दोघं जमिनीवर उभे असतील तर जमिनीवरून परत येणारी लहर मूळ लहरीला मारते त्यामुळे जेमतेम पावणेदोनपट. म्हणजे ८०० मीटरचे १४०० मीटर. त्यापेक्षा एक माणूस गच्चीवर चढवला तर फायदा कितीतरी जास्त, आणि फुकट.

'पण पोलिसांचा वॉकीटॉकी तर शहरभर चालतो' असं बरेच जण म्हणतात. तो त्या हातातल्या सेटमुळे नाही चालत, उंच टॉवरवर रिपीटर बसवलेला असतो, तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त पॉवरने परत सोडतो. दोघांनाही फक्त टॉवरपर्यंत पोचायचं असतं, एकमेकांपर्यंत नाही.

तुमच्या मिरवणुकीत रिपीटर नाही पण तेच काम माणूस करू शकतो. मिरवणुकीच्या रस्त्यावर मधोमध कोणाच्या तरी उंच गच्चीवर एक शांत डोक्याचा मुलगा बसवा, पुढच्याचं ऐकून मागच्याला सांगायचं, एवढंच. मला विचाराल तर सेट दोन कमी घ्या पण हा माणूस ठेवाच. गर्दीत दुसरा त्रास म्हणजे माणसांची शरीरं, शरीरात पाणी असतं आणि ते सिग्नल खातं, त्यामुळे कमरेला अडकवलेला सेट निम्मा आंधळा होतो. बोलताना काढून तोंडाजवळ धरा, अँटेना उभी ठेवा, आडवी नको. ढोल-ताशात स्पीकर काहीच ऐकू येत नाही, त्यासाठी इअरफोन लागतोच, रेंजच्या नावाने ओरडणाऱ्यांपैकी अर्ध्यांना खरं तर ऐकू आलेलं नसतं. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि 'थांबवू नका' मधलं नेमकं काय पोचेल सांगता येत नाही.

चोरलचं वेगळं आहे. सिमरोल सोडून घाट सुरू झाला की वळणामागे डोंगराची सोंड येते, मग ५०० मीटरवरची गाडी सुद्धा गप्प होऊ शकते, आणि पुढचं वळण घेतलं की एकदम स्वच्छ. गाडीचा पत्रा पण अडवतो, सेट काचेजवळ धरा. दोन गाड्या एकमेकींना दिसतील इतक्या अंतरात ठेवल्या तर काही अडचण नाही. पातालपाणीला मात्र दरीत उतरलेला आणि वर बसलेला यांचं बोलणं होईलच असं धरून चालू नका, दोघंही ज्याला दिसतात असा तिसरा माणूस काठावर हवा. तिथे पाणी अचानक वाढतं, २०११ मध्ये माणसं वाहून गेली होती, त्यामुळे 'वरून सेटवर सांगू' या भरवशावर कृपा करून कोणाला धारेजवळ पाठवू नका.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले अर्ध्या वॅटचे सेट लायसन्सशिवाय चालतात, पण मॉडेलला सरकारी मंजुरी असायला हवी. स्वस्तातले ५ वॅटचे, वाटेल ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेट विनालायसन्स वापरणं बेकायदेशीर आहे, नुसतं कागदोपत्री नाही, तुम्ही चुकून पोलीस किंवा ॲम्ब्युलन्सच्या चॅनलवर बोलत बसाल. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीबद्दल नियमावली पण काढलीय, तेव्हा घेताना पानावर फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी लिहिलीय का बघा, नसेल तर सोडून द्या.

आणि घेतल्यावर मिरवणुकीच्या आधी एका संध्याकाळी दोघं जण तो अख्खा रस्ता चालून बघा, एक जण जागेवर, दुसरा चालत चालत बोलणार, जिथे जिथे आवाज तुटतो ते चौक लिहून ठेवा. गच्ची कुठली हवी ते त्या यादीवरूनच कळेल.