बडोद्याहून दोन दिवसांत कच्छचं मांडवी बघून होईल का? कधी जावं?

हो, आरामात होतं. फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. आम्ही दोनदा गेलोय: रात्रीच्या गाडीने भुज, पुढे साधारण ६० किलोमीटर बसने. किनारा छान आहेच, पण खरी गंमत रुक्मावती नदीकाठी. तिथे सुमारे ४०० वर्षांपासून लाकडी गलबतं बांधतात, तीही उघड्यावर. उभा सांगाडा, फळ्या, फटींत कापूस ठोकणारे कारागीर, सगळं रस्त्यावरूनच दिसतं. विजय विलास पॅलेस तासाभरात उरकतो. दाबेली खाच, ती मूळची इथलीच (आपल्याकडची तिच्यापुढे गोडमिट्ट!). कच्छी नववर्ष, म्हणजे आषाढी बीज, बघायची असेल तर मात्र पावसाळ्यात जावं लागेल. तेव्हा समुद्रात उतरायचं नाव काढू नका.