आधी यादी, मग नकाशा

प्रिय,

तुमच्या कौंटीची (जिल्ह्याची) कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, फुटून दोन होणार; कोर्टाने देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांचं तुमचं काम तेव्हा कसं वाटायचं, याचे तुझे तिन्ही तक्ते मिळाले. एक निळा, एक हिरवा आणि तिसरा तो, ज्यात दोन कौन्सिलांच्या मधोमध ‘संयुक्त सेवा’ नावाचा चौकोन अधांतरी लोंबतोय. यातला कुठला निवडू, असं विचारतेस. तिन्ही नीट काढलेत, आणि तिन्ही आज बिनकामाचे आहेत. कोण कुणाच्या हाताखाली, हे सगळं त्यांत आहे. ज्या पोरांवर कोर्टाची ऑर्डर चालू आहे, त्यांतलं एकही पोर कुठे दिसत नाही.

आधी यादी, मग नकाशा. हे वाक्य मी या पत्रात इतक्यांदा म्हणणार आहे, की तुला कंटाळा येईल. येऊ दे.

घरात वाटण्या होतात तेव्हा तांब्या-पितळेची भांडी मोजली जातात, बांधावरची झाडं मोजली जातात, आणि म्हातारीची औषधं कोण आणणार हे शेवटच्या दिवशी कुणाला तरी आठवतं. कौन्सिल फुटते तेव्हा नेमकं हेच होतं. इमारती, पगार, पाट्या, बोधचिन्ह यांच्यावर महिनोन्‌महिने बैठका होतात. मंगळवारी साडेदहाला येणाऱ्या मुलाला दार कोण उघडणार, हा विषय कुठल्याच बैठकीच्या पत्रिकेवर नसतो.

इंग्लंडमध्ये तुझ्यासारखी वेळ याआधीही आली आहे. २०२१ साली नॉर्थॅम्प्टनशरच्या दोन कौन्सिलं झाल्या, २०२३ साली कंब्रियाच्या. पण मी तुला स्कॉटलंडकडे बघायला सांगेन, कारण तिथे नुसती मुलं नाहीत, प्रौढांचं प्रोबेशनही, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने तुरुंगाबाहेर ठेवलेली देखरेखही, कौन्सिलकडेच असते. १९६८ च्या कायद्याने प्रोबेशनचं वेगळं खातं बंद करून ते काम कौन्सिलच्या समाजकार्य खात्यात घातलं. १९९१ पासून त्याचा शंभर टक्के पैसा एडिंबराच्या सरकारी कचेरीतून, फक्त याच कामासाठी राखून यायला लागला, आणि सोबत लेखी मानकं आली. घडी जरा बसते आहे तोवर १९९४ चा कायदा आला. १ एप्रिल १९९६ ला वरच्या स्तराच्या ९ रीजन आणि त्यांच्या खालच्या ५३ डिस्ट्रिक्ट कौन्सिलं संपल्या आणि बेटांवरच्या तीन धरून ३२ एकस्तरीय कौन्सिलं उभ्या राहिल्या. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या एकट्या स्ट्रॅथक्लाइड रीजनमध्ये होती, तिचे १२ तुकडे झाले. सेंट्रल रीजनचे तीन. फाइफ आणि हायलंड मात्र होते तसेच राहिले. तो दिवस सोमवार होता. आदल्या दिवशी पहाटे उन्हाळी वेळेसाठी घड्याळंही तासभर पुढे गेली होती, म्हणजे झोपेतूनही एक तास कापलेला.

कोर्टं मात्र जिथल्या तिथे राहिली. तक्ता काढणाऱ्यांना हे दिसत नाही. किल्मार्नकचं शेरिफ कोर्ट (शेरिफ म्हणजे तिथला न्यायाधीश) आहे ईस्ट एअरशरमध्ये, पण त्याच्यासमोर नॉर्थ एअरशरच्या अर्विनमधला माणूसही उभा राहतो. साउथ एअरशरचा माणूस जातो एअरच्या कोर्टात, आणि ही दोन कोर्टं वेगवेगळ्या शेरिफडममध्ये, म्हणजे न्यायालयीन विभागांत, आहेत. म्हणजे जुन्या स्ट्रॅथक्लाइडच्या बारापैकी तीन वारस, दोन कोर्टं, आणि दोन्हींचे वरिष्ठ न्यायाधीश निराळे. सोमवारी सकाळी किल्मार्नकच्या शेरिफने शिक्षा ठरवण्याआधी अर्विनच्या माणसाचा अहवाल मागितला, तर कोर्टात हजर असलेला अधिकारी एका कौन्सिलचा आणि अहवाल लिहिणारा दुसऱ्या कौन्सिलचा. त्या दोघांमधला निरोप कोण, कधी, कुठल्या नंबरवर देणार? निळ्या तक्त्यात याचं उत्तर शोध. सापडलं तर मला कळव.

आता यादी. एक नव्हे, तीन कागद कर.

पहिल्या कागदावर चालू ऑर्डरी. प्रत्येक ओळीत: नाव, जन्मतारीख, राहता पत्ता आणि तो शेवटचा कधी तपासला ती तारीख, ऑर्डर देणारं कोर्ट, सुरू आणि संपण्याची तारीख, अटी, धोक्याची पातळी, अटी मोडल्याची कारवाई चालू असल्यास तिची पुढची तारीख, शेवटची भेट, पुढची भेट कुठे आणि किती वाजता. शेवटचा रकाना: हस्तांतराच्या सकाळी जबाबदार असणाऱ्या माणसाचं नाव. ‘टीम’ असं लिहायचं नाही. ‘ड्यूटी’ नाही. ‘पद भरायचं आहे’ तर मुळीच नाही. भरायचं असलेलं पद दार उघडायला येत नाही.

दुसऱ्या कागदावर मागवलेले पण अजून न दिलेले अहवाल. हा हमखास विसरला जातो, कारण ऑर्डर अजून झालेलीच नसते, म्हणून संगणकातल्या चालू ऑर्डरींत ही माणसं येत नाहीत. कोर्ट अहवालाला काही आठवड्यांची मुदत देतं. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मागितलेला अहवाल जुन्या कौन्सिलकडे मागितलेला असतो आणि नव्या कौन्सिलने द्यायचा असतो. तो चुकला की कोर्ट पुढची तारीख देतं, आणि माणूस कोठडीत असेल तर आपल्या गोंधळाचे दिवस तो आत बसून भरतो.

तिसऱ्या कागदावर आत असलेले आणि पुढच्या सहा महिन्यांत सुटणारे. स्कॉटलंडमध्ये तुरुंगाच्या आत काम करणारे समाजकार्यकर्ते ज्या कौन्सिलच्या हद्दीत तुरुंग, त्या कौन्सिलचे. क्लॅकमॅननशर ही मुख्य भूमीवरची लोकसंख्येने सर्वांत लहान कौन्सिल, पन्नास हजारांच्या आतबाहेर, आणि तिच्या वाट्याला ग्लेनोखिलचा तुरुंग आला. आतला माणूस मात्र डंडीचा असेल नाहीतर ग्लासगोचा. त्याची फाइल एका कौन्सिलकडे, तो सुटून जाणार दुसरीकडे, आणि त्या दुसरीचं नाव, पत्ता, फोन सगळं परवा बदललेलं.

तुझ्या मुलांचं याहून वाईट. कोठडीत पाठवलेल्या मुलाची जबाबदारी घेणारी म्हणून कोर्ट एक कौन्सिल ठरवून देतं आणि त्या कागदावर तिचं नाव असतं. ते नाव आहे जुन्या कौंटीचं. कौन्सिल फोडण्याच्या आदेशात ‘जुन्या कौंटीच्या जबाबदाऱ्या वारस कौन्सिलांकडे’ असं ढोबळ वाक्य येईल. वारस दोन. त्या मुलाच्या बाबतीत कुठला? कोठडीचं बिलही त्याच्याबरोबर जातं, म्हणून दोघंही मागे सरकतील. तीच गोष्ट परक्या कौंटीतल्या बालगृहात ठेवलेल्या मुलाची: भेटी घेते तिथली टीम, जबाबदारी मात्र तुमची. दोन घरचा पाहुणा उपाशी. अशी नावं यादीत लाल करून घे आणि वकिलांकडून एकेका नावावर लेखी निर्णय घे. सरसकट नियमावर समाधान मानू नकोस. हस्तांतराच्या आगेमागे तीन महिन्यांत ज्यांना अठरा पूर्ण होतात, त्यांनाही वेगळा रंग दे, कारण ती मुलं त्याच सुमारास प्रौढांच्या प्रोबेशनकडे जाणार. एकाच महिन्यात दोनदा हात बदलले की मूल हातातून सुटतं.

यादी तीनदा गोठवायची: सहा आठवडे आधी, दोन आठवडे आधी आणि शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी. पहिल्या वेळी पत्ते चुकलेले निघतील. दुसऱ्या वेळी एकच मूल दोनदा सापडेल, कारण दोन कोर्टांच्या दोन ऑर्डरी असतात आणि आडनावाचं स्पेलिंग निराळं असतं. तिसरी यादी छापून घे. हो, कागदावर. हस्तांतराच्या सकाळी नवे पासवर्ड चालतील असं ज्याला वाटतं, त्याने आधी एक वाटणी बघावी.

आणि तास. १६-१७ वर्षांच्या मुलाला ४० ते २४० तासांचं बिनपगारी काम लागू शकतं. किती तास झाले याचा खरा हिशेब संगणकात नसतो. तो असतो व्हॅनच्या पुढच्या कप्प्यात, पर्यवेक्षकाच्या वहीत, पावसाने फुगलेल्या पानांवर. व्हॅन एका कौन्सिलच्या वाट्याला गेली की वही तिच्याबरोबर जाते आणि मुलाचे ३७ तास हवेत विरतात. मग ते मूल म्हणतं, “मी केलेत,” आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलासमोर बसून आकडा मोजायचा, त्याची सही घ्यायची आणि एक प्रत त्याच्याच हातात द्यायची. व्हॅन, फावडी, कार्यशाळेच्या किल्ल्या यांची यादी निराळी कर, आणि त्या सकाळी विमा कुणाच्या नावावर आहे ते विचार. विमा नसलेल्या दिवशी गवत कापायलाही कुणाला पाठवायचं नाही.

हे झालं की मग तुझा नकाशा. तोही यादीच सांगेल. समज, लहान वारसाच्या वाट्याला सहा कर्मचारी आले. एक कोर्टात, एक रजेवर, एक आजारी किंवा प्रशिक्षणाला. उरले तीन. तीन माणसांत गटकार्यक्रम चालत नाही, आणि गटात बसायला आठ मुलंही त्या हद्दीत एका वेळी मिळणार नाहीत. लोथियन रीजनमध्ये बायकोला मारणाऱ्या पुरुषांसाठी प्रोबेशनचा खास कार्यक्रम होता; असा कार्यक्रम मोठ्या हद्दीतून माणसं आली तरच चालतो. रीजनचे चार तुकडे झाल्यावर असल्या कामाला चौघांनी मिळून धरणं भागच असतं. म्हणून ज्याला संख्या लागते ते एकत्र ठेव: गट, प्रशिक्षण, कार्यशाळा, रात्रीचा फोन. ज्याला जवळीक लागते ते वेगळं ठेव: पहिली भेट, घरभेट, शाळेशी बोलणं. तिसरा तक्ता त्यातल्या त्यात जवळ आहे, पण तू त्यात सगळंच संयुक्त करून टाकलंयस.

रचनेवर जीव टाकू नकोस, असं मी म्हणते ते आळसातून नव्हे. स्कॉटलंडमध्ये ३२ लहानमोठ्या सेवा झेपेनात म्हणून २००२ च्या सुमारास कौन्सिलांचे गट केले. २००७ साली त्यांच्या जागी या कामाची आठ प्राधिकरणं आली. २०१७ साली ती मोडली आणि काम पुन्हा ३२ ठिकाणी गेलं. एकवीस वर्षांत किती सुबक तक्ते रद्दीत गेले असतील! या हट्टामुळे मला ‘कारकुनी डोक्याची’ म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणोत. दूरदृष्टीवाले लोक बैठकीत फार छान बोलतात, पण शेवटचा रकाना त्यांनी भरलेला मी पाहिला नाही. मला खंत आहे ती वेगळीच. वरिष्ठांसमोर “आधी यादी” हे जिथे ओरडून सांगायला हवं होतं, तिथे मी ते टिपणाच्या परिशिष्टात घातलं. परिशिष्ट कुणी वाचत नाही. तू पहिल्या पानावर घाल.

तू लिहिलंयस की तुझ्या मताला तिथे किंमत नाही, तू नवी आहेस, परकी आहेस. असेल. पण सगळ्यांत पूर्ण यादी जिच्या हातात असते, तिला बैठकीत बोलवावंच लागतं.

यादी मला पाठवू नकोस. त्यातली नावं बघायचा मला अधिकार नाही, आणि तुलाही ती घरच्या लॅपटॉपवर न्यायचा नाही. शुक्रवारपर्यंत मला फक्त एक आकडा कळव: किती ओळींत शेवटचा रकाना रिकामा आहे.

तुझी,
मावशी