वाहतूक प्राधिकरणाकडे हवामानाचं काम?

प्रश्न : आमच्या वाहतूक प्राधिकरणाकडे हवामानविषयक, म्हणजे हवामान बदल रोखण्याच्या, कामांचा समन्वय सोपवायचं घाटतंय. रस्ते-बस सोडून हे त्यांनी का करावं?

उत्तर : मी वाहतूक नियोजनात काम केलंय, म्हणून ठामपणे सांगते, करावं. माणूस राहतो एका नगरपालिकेत, कामाला जातो दुसरीत. त्याच्या गाडीचा धूर कुणाच्या खात्यावर मांडायचा? प्रवासाची सर्वेक्षणं, वाहनमोजणी हे सगळं प्राधिकरणाच्याच कार्यालयात असतं. एक साधी गोष्ट बघा. रात्री डेपोत इलेक्ट्रिक बस एकदम चार्जिंगला लागल्या की वीजजोडणी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे वीज कंपनी, नगरपालिका, जागेचा मालक, सगळ्यांना एकत्र बसवणं आलं. कॅलिफोर्नियात तर २००८ च्या ‘एसबी ३७५’ कायद्याने प्रादेशिक नियोजन संस्थांचे वाहतूक आराखडे हरितगृह वायू (पृथ्वीचं तापमान वाढवणारे, धुरातले वायू) घटवण्याच्या उद्दिष्टांशी जोडले.

मला काळजी आहे ती पैशाची. नवं काम जुन्याच माणसांच्या गळ्यात पडलं, तर बसकडे दुर्लक्ष होईल आणि लोक पुन्हा स्वतःची गाडी काढतील. तेव्हा जनसुनावणीला जरूर जा. या कामाला स्वतंत्र अधिकारी कोण आणि निधी कोणत्या शीर्षाखाली, एवढं लेखी मागून घ्या.